होडी थोरल्याची, इंजिन धाकट्याचं

केस पिकले, पुढचे दात गेले, धक्क्याची चढण चढताना मधे थांबून श्वास घ्यावा लागायचा, तरी त्याला सगळे धाकटाच म्हणायचे. धक्क्यावर चहाची टपरी चालवणारी बाई वयाने त्याच्या लेकीसारखी, तीसुद्धा लांबून ओरडायची, "धाकटे, चहा निवला हो!" त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही. थोरला होता म्हणून तो धाकटा होता, आणि त्याला दुसऱ्या नावाची गरज पडली नव्हती.

दोघा भावांत मिळून एक होडी होती. शिडाची, लाकडी, पोटाला रुंद आणि नाकाला जराशी वर उचललेली, कुणाशी तरी भांडून निघाल्यासारखी. त्यांच्या वडिलांनी, आबांनी, ती जुनीच घेतली होती. घेतल्यावर पहिलं काम काय केलं, तर तिच्या पोटात पेट्रोलवर चालणारं इंजिन बसवलं. वारा काही आपल्या बापाचा नोकर नाही, हाक मारली की यायला, असं त्यांचं म्हणणं. खाडीच्या तोंडाशी एका खडकावर दीपगृह होतं. फिरायला आलेल्या माणसांना तिथवर न्यायचं, खडकाला वळसा घालून परत आणायचं, हा घरचा धंदा.

आबा थकले तेव्हा वाटणीचा विषय निघाला. घराचं सोपं होतं. मधोमध भिंत घातली, एका घराची दोन झाली. होडीच्या मधोमध भिंत कशी घालणार? आबांनी पुष्कळ विचार केला आणि एका सकाळी धक्क्यावर सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, "होडी आणि शिडं थोरल्याची. इंजिन धाकट्याचं. मिळकत निम्मी निम्मी."

लोक हसले. जाळी विणत बसलेला एक जण म्हणाला, "आबा, गाय एकाची आणि शेपूट दुसऱ्याचं का?"

"शेपूट नसलं की माशा किती चावतात, ते गाईला विचार," आबा म्हणाले.

ते हसले नव्हते. आपली पोरं त्यांना पक्की ठाऊक होती. थोरला वाऱ्याचा माणूस. आभाळाकडे बघून बोलणार, आणि तेही मोजकंच. धाकटा लोखंडाचा, हात काळे, जीभ सैल. दोघांना मोकळं सोडलं असतं तर वर्षभरात एकाने उत्तरेचा धक्का धरला असता आणि दुसऱ्याने दक्षिणेचा. आबांनी दोघांना एका दोरीने बांधलं. भांडायचं तर भांडा, पण एकाच होडीत बसून भांडा.

आणि ते भांडले. आयुष्यभर भांडले, आणि त्या भांडणावर दोन घरं चालली.

पहाटेला थोरला आपल्या बाजूने मधल्या भिंतीवर मूठ आपटायचा. तीच हाक. धाकटा इकडून काही वाजवायचा नाही, नुसता उठायचा. थोरल्याने हाक मारायची आणि धाकट्याने उठायचं, ही रीत कुणी घालून दिली नव्हती, पडून गेली होती. मग दोघं एकामागून एक उतार उतरायचे, आणि होडीत पाय पडला की तोंडं सुरू.

"बंद कर ते तुझं खोकणं," खाडीबाहेर आलं की थोरला म्हणायचा. "वारा आलाय."

"आलाय कुठला? तुझ्या मिशीत अडकलाय तेवढाच."

"शीड भरतंय, दिसत नाही?"

"ते शीड नाही भरत, दादा, तू फुगतोयस."

होडीतली माणसं खुदखुदायची. त्यांना वाटायचं, हा फिरण्यातलाच एक भाग. परत येताना वारा पडला की थोरला काही न बोलता नुसती हनुवटी हलवायचा. त्या हनुवटीसाठी धाकटा जगत होता म्हणा ना. तो उगाच वेळ लावायचा, कान खाजवायचा, "काही म्हणालास, दादा?" असं विचारायचा, आणि मग हँडल मारायचा. इंजिन दोनदा घसा खाकरून ढगढग सुरू व्हायचं. त्या आवाजाला पाण्यावर अडवायला काही नव्हतं. तो सरळ उतारावरच्या दोन घरांत जायचा. तिकडे भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन जावा एकाच वेळी उठून चुलीवर भांडी चढवायच्या. घरात घड्याळ होतं, पण जेवण इंजिनावर ठरायचं.

पेट्रोलच्या इंजिनाची एक खोड असते. थेंब जरी गळला तरी त्याची वाफ वर जात नाही, खाली होडीच्या पोटात साचून राहते, दबा धरून बसल्यासारखी. म्हणून सुरू करण्याआधी धाकटा रोज फळी उचलून तोंड आत घालायचा आणि वास घ्यायचा. वास ओळखणारी यंत्रंही मिळत होती, पण आबांनी नाकाने घेतला म्हणून यानेही नाकाने घेतला. त्याचं नाकही तसंच होतं. पेट्रोल, तेल, सडका दोर, ओलं लाकूड, चार वास एकत्र असले तरी तो वेगळे काढायचा. "नाक आहे तोवर आपण आहोत," असं तो ऐटीत म्हणायचा.

मग एकदा त्याला सर्दी झाली.

साधी सर्दी, कपाळ जड, डोळ्यांना पाणी. बायको म्हणाली, आज जाऊ नका. पण भिंतीवर मूठ वाजली, तो उठला. धक्क्यावर त्याने नेहमीसारखी फळी उचलली, नेहमीसारखं तोंड आत घातलं, नेहमीसारखी मान हलवली. नाक बंद आहे हे थोरल्याला सांगायला हवं होतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर नाकाची ऐट केली, त्याने भर होडीत, आठ माणसांपुढे, आज मला वास येत नाही असं म्हणायचं कसं?

जाताना वारा होता. दीपगृहाशी वारा पडला. थोरल्याने हनुवटी हलवली, धाकट्याने हँडल मारलं, आणि फळ्यांच्या फटींतून एक निळा भडका फुस्सकन वर आला. आला तसा गेला. धाकट्याने ओलं पोतं टाकलं, पेट्रोल बंद केलं. जळलं म्हणावं असं फारसं काही नव्हतं. थोरल्याच्या हातावरचे केस गेले, भुवया गेल्या. पण एका बाईचं लहान मूल त्या वेळी थोरल्याच्या मांडीवर होतं, सुकाणू धरायला मिळावं म्हणून हट्ट करून बसलेलं. मुलाला काही झालं नाही. फक्त ते रडलं नाही, नुसतं बघत राहिलं. मग वाऱ्याची वाट बघत थांबले आणि पार अंधारायला आलं तेव्हा शिडावर परत पोचले.

थोरल्याने धाकट्याला विचारलं नाही, वास घेतलास का म्हणून. विचारलं असतं तर धाकट्याने सांगितलं असतं, भांडण झालं असतं, आणि भांडणातून ते दोघं नेहमी बाहेर यायचेच. त्याने विचारलं नाही.

पुतणी त्यानंतरच्या आठवड्यात आली. थोरल्याची एकुलती एक. मोठ्या बंदरात एका कारखान्यात होती, जुन्या होड्यांना विजेच्या मोटारी बसवायचं काम करायची. धाकट्याला स्वतःचं मूल नव्हतं. ही पोर लहानपणी इंजिनाच्या पेटीवर बसून वाढली. तिला पाना आणि पकड यांतला फरक तिच्या बापाच्या आधी कळला, आणि तो कळवणारा धाकटा होता. आल्या आल्या ती आपल्या घरात न जाता काकाच्या घरात शिरली.

"काका, इंजिन काढू या," ती म्हणाली. "मोटार बसवू. धूर नाही, वास नाही, भडका नाही. बॅटऱ्या बाकांखाली दोन्हीकडे सारख्या ठेवू. दीपगृहापर्यंत जाऊन यायला रगड पुरतील."

धाकटा चहाच्या कपाच्या कडेवरून बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "आणि मी?"

"तुम्ही काय तुम्ही? तुमच्याशिवाय होणार आहे का ते? त्या होडीचं पोट तुमच्याइतकं ठाऊक आहे कुणाला?"

ती म्हणाली ते कामाबद्दल. त्याने ऐकलं ते जागेबद्दल. त्याला वाटलं, इंजिनाच्या जागी मोटार, म्हणजे मोटारही आपलीच. जागा आबांनी दिली; लोखंड बदललं म्हणून जागा कशी बदलेल? तिला वाटलं, बाबा आणि काका या विषयावर बोललेले असणार. आणि थोरला कधी कुणाशी काही बोलतच नव्हता.

होडी किनाऱ्यावरच्या शेडमध्ये ओढली. मचाणावर चढवून तिला टेकू दिले. पाण्यात हलकीफुलकी दिसणारी ती होडी जमिनीवर एखाद्या आजारी म्हशीसारखी अवजड दिसायला लागली. धाकट्याने टाकी काढली, नळ्या काढल्या, धुराची नळी काढून तिचं भोक लाकडाच्या गुट्टीने बुजवलं. पेच न् पेच ओळखीचा. एक गंजलेला बोल्ट काही केल्या हलेना, तेव्हा पुतणी म्हणाली, "कापू या का, काका?" तर म्हणाला, "थांब, याला मीच आवळलाय, माझंच ऐकेल," आणि खरंच थोड्या तेलाने आणि बऱ्याच शिव्यांनी तो सुटला.

मग वरच्या तुळईला साखळीची पुली बांधली आणि इंजिन उचललं. ते होडीतून वर आलं, हवेत लटकलं, जरासं गोल फिरलं. खालून त्याच्यातून तेलाचा एक थेंब लोंबत राहिला, पडेना. थोरला थोड्या अंतरावर मांडीवर शीड घेऊन शिवत बसला होता. त्याने मान वर करून पाहिलं. धाकट्याला वाटलं, आता तरी काही म्हणेल. तो दोऱ्याला मेण लावायला लागला.

राहिली ती इंजिनाची बैठक. जाड लाकडाच्या दोन धारण्या, होडीच्या हाडालाच जोडलेल्या. मोटार लहान, तिला एवढी रुंद बैठक चालणार नव्हती. धारण्या कापायला हव्या होत्या. एकदा त्या कापल्या की ते इंजिन त्या होडीत परत कधी बसणार नाही, हे धाकट्याइतकं कुणाला कळत होतं? त्याने करवत हातात घेतली आणि ठेवली. पुन्हा घेतली.

"मी कापू?" पुतणीने विचारलं.

"आबांनी बसवल्यात त्या," तो म्हणाला. "तुला कशाला त्याचं ओझं?"

आणि त्याने कापल्या. भुसा पिवळा, ताजा पडला. एवढी वर्षं तेलात मुरलेलं लाकूड आतून कोरंच होतं.

खरं सांगायचं तर त्यानंतरचे दिवस त्याचे चांगले गेले. नवी मोटार त्याला आवडेल असं त्याला वाटलं नव्हतं. पण ती घट्ट, गोटीबंद वस्तू हातात घेतली आणि त्याच्या बोटांनीच तिला आपलं म्हटलं. पुतणी तारा ओढायची, जोडायची, मोजयंत्र लावून बघायची. हा तिच्यामागे कंदील धरल्यासारखा विजेरी धरून उभा. "हे लाल कुठे जातं? आणि हे उलटं लागलं तर?" "तर काका, आपण दोघं चहाला जायचं आणि परत यायचंच नाही." दोघं हसायची. घरी येऊन तो बायकोला सांगायचा, "या मोटारीला सुरू करायला हँडल नाही. पण हिच्याही काही खोडी असतीलच. कळतील. बसलो सोबत की कळतील."

होडी पाण्यात उतरवली. शेवटचं काम पाण्यातच करायचं होतं. होडी जमिनीवर एका आकाराची असते, पाण्यात दुसऱ्या. लाकूड पाण्यावर आपल्या सवयीने टेकतं. म्हणून मोटार आणि पाण्यातल्या पंख्याचा दांडा एका रेषेत आहेत का, हे होडी तरंगत असतानाच जुळवतात. जुळलं नाही तर मोटार थरथरते, दांडा झिजतो, मागून पाणी झिरपायला लागतं. त्या सकाळी थोरला सुकाणूशी उभा होता. सुकाणूच्या बाजूला पुतणीने एक लहानसा दांडका बसवला होता. पुढे ढकलला की पुढे, मागे ओढला की मागे. थोरला तो दांडका अंगठ्याने हलवून बघत होता.

धाकटा गुडघ्यांवर बसून हत्यारं मांडत होता. सहज म्हणावं तसं म्हणाला, "म्हणजे आता चालवायला मला खाली बसायला नको. तुझ्या शेजारीच बसेन. मोटार माझी, दांडका तुझ्यापाशी. वाटणी बदलली म्हणायची."

थोरला म्हणाला, "मोटार होडीची आहे."

"होडीची म्हणजे?"

"होडीची."

"होडी तुझी. म्हणजे तुझी, असं म्हण ना."

"म्हणतोय मग."

खाली पुतणी तारा आवरत होती. तिचे हात थांबले. धाकटा उठून उभा राहिला. "आबांनी..."

"आबांनी तुला इंजिन दिलं," थोरला म्हणाला. आवाज वर गेला नाही. गेला असता तर बरं होतं. "ते तुझंच आहे. शेडमध्ये ठेवलंय. घेऊन जा."

"आणि मी काय करू? घरी बसून इंजिनाला थोपटू?"

"ते पोर माझ्या मांडीवर होतं," थोरला म्हणाला. "त्याच्या डोळ्यांत तो भडका दिसला मला. फळ्यांतून येताना नाही पाहिला मी, त्याच्या डोळ्यांत पाहिला. पुन्हा तुझ्या नाकावर मी माणसं नेणार नाही."

बस. एवढं बोलून तो होडीतून उतरला आणि चढण चढून गेला.

पुतणी वर आली. तिचं तोंड उतरलं होतं. "काका, मला वाटलं तुमचं दोघांचं बोलणं झालंय. मी बाबांशी बोलते."

"काय बोलशील?"

"हेच, की तुमचा वाटा आहे."

"कशात?" धाकटा म्हणाला. "धारण्या मीच कापल्या ना."

तिने त्याच्या हाताला हात लावला. त्याने हत्यारांचं निमित्त करून तो सोडवला. "जा, चहा घेऊन ये. जुळवायचंय अजून."

ती गेली आणि तो एकटा राहिला. मोटार आणि दांडा यांच्यामध्ये दोन चकत्या समोरासमोर येतात. त्यांच्या मधली फट वर, खाली, डावी, उजवी सगळीकडे सारखी हवी. फटीत पातळ पट्टी सरकवून बघायचं, मोटारीखाली पत्र्याचा तुकडा घालायचा नाही तर काढायचा, पुन्हा बघायचं. त्या वेळी त्याच्या मनात जे आलं ते कुणाच्याही मनात आलं असतं. एक तुकडा कमी. नखाएवढा पातळ. आज कुणाला कळणार नाही, पोरीलासुद्धा नाही. महिना जाईल, दोन जातील, मोटार थरथरायला लागेल, पाणी झिरपेल, आणि मग भिंतीवर मूठ वाजेल.

त्याने तो तुकडा काढला. खिशात टाकला. पट्टी सरकवून पाहिली; खाली घट्ट, वर सैल. तो त्या सैल फटीकडे बघत बसला. होडी हलत होती, त्याची सावली मोटारीवरून जात येत होती. मग त्याने स्वतःलाच एक घाणेरडी शिवी दिली, तुकडा खिशातून काढला, पुसला आणि जिथल्या तिथे घातला. भल्या मनाने नव्हे. वाकडं काम त्याच्या हातांना सोसवेचना. एखाद्या भुकेल्या माणसाच्या हातूनही चोरी होत नाही, तसं. मग ईर्षेने त्याने ते असं जुळवलं, की चारी बाजूंना पट्टी सारखीच सरकली आणि सारखीच अडली. पुतणी चहा घेऊन आली तेव्हा काम झालं होतं. तिने तपासलं आणि म्हणाली, "आमच्या कारखान्यात असं कुणी जुळवत नाही, काका." त्याने चहा घेतला. तो निवला होता.

पहिली फेरी निघाली तेव्हा तो धक्क्यावर होता. थोरल्याने दांडका पुढे ढकलला आणि होडी निघाली. नुसती निघाली, कुणी हळूच उचलून पुढे ठेवावी तशी. टपरीवालीने कप विसळता विसळता मान वर केली. "गेली होय? कळलंसुद्धा नाही बाई!"

धाकट्याने हातगाडी मागितली, शेडमधून इंजिन त्यावर चढवलं आणि चढण चढला. वाटेत तो जाळीवाला, आता पार म्हातारा, अजून जाळी विणत बसलेला होता. त्याने इंजिनाकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं. शेपटाची आठवण त्याला आली असणार, पण देवाने त्याला तेवढी बुद्धी दिली; तो जाळीकडे बघायला लागला.

इंजिन ओसरीत ठेवलं, वर जुन्या शिडाचा तुकडा टाकला.  येता जाता बायकोच्या घोट्याला त्याचा कोपरा लागायचा आणि ती इंजिनाला म्हणायची, "सरका हो जरा." आतून गंजून अडकू नये म्हणून दर आठवड्याला धाकटा ते हाताने फिरवायचा. आतला दट्ट्या श्वास ओढल्यासारखा आवाज करायचा आणि सोडायचा. पाणी उपसायला म्हणून एक माणूस ते मागायला आला, तर धाकट्याने त्याला बसायलासुद्धा सांगितलं नाही.

पहाटे भिंत वाजायची नाही. तो मात्र त्याच वेळी जागा व्हायचा आणि पडून राहायचा. पलीकडे दार उघडल्याचं कळे, उतारावर एका माणसाची पावलं कळत. संध्याकाळी आणखी एक गंमत व्हायची. होडी मुकाट परत यायची, वहिनीला पत्ता नसायचा, आणि थोरला दारात उभा राहिला की भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा, "अगंबाई! चोरासारखे काय येता? अजून काही टाकलं नाही मी." धाकटा इकडे जेवून बसलेला असायचा. पहिल्यांदा त्याला हसू आलं. पुढे पुढे तेही येईना.

तो मोटारीच्या बिघाडाची वाट बघत होता. हे तो कुणाला सांगत नव्हता, पण टपरीवर बसला की होडी येताना त्याची मान तिकडे वळायची, कान ताणले जायचे. कुठे खरखर? कुठे घरघर? काही नाही. शत्रूने केलं असतं तर त्यात खोट निघाली असती. हे त्याने स्वतः केलं होतं.

पानगळ संपता संपता एका संध्याकाळी थोरला त्याच्या दारात आला. भिंत वाजवून नव्हे. घराला वळसा घालून, पुढच्या दाराने, पाहुण्यासारखा. धाकट्याच्या बायकोने लगबगीने खुर्ची पुसली. तो बसला नाही. त्याची नजर ओसरीतल्या शिडाच्या तुकड्यावर गेली आणि तिथून उठली.

"मोटार थरथरतेय," तो म्हणाला.

धाकटा ताडकन उठला. "कुठे? पंख्याशी की पुढे?"

"असेल कुठेतरी. मला काय कळतंय. येऊन बघ." आणि जरा थांबून, "एकदा बघून होणार नाही बहुतेक. सोबत राहूनच बघायला लागेल."

दोघं उतार उतरले. कितीतरी दिवसांनी दोन माणसांची पावलं त्या उतारावर वाजली. धाकट्याने फळी उचलली, सवयीने वास घेतला. नुसतं ओलं लाकूड. "चालव," तो म्हणाला. थोरल्याने चालवली. हळू, जोरात, उलटी. धाकट्याने तळवा ठेवला. लाकडाची काठी मोटारीवर टेकवून दुसरं टोक कानाला लावलं. मागच्या बाजूला बोट फिरवलं; कोरडं. शेवटी टपरीवरून चहाचा भरलेला कप मागवला आणि चालत्या मोटारीच्या झाकणावर ठेवला. चहावर एक वळीसुद्धा उठली नाही. त्यात आभाळाचा एक तुकडा होता, तोही हलला नाही.

दोघं भाऊ त्या कपाकडे बघत राहिले.

"कुठे थरथरतेय?" धाकटा म्हणाला.

"मला जाणवलं तसं."

"कधी?"

"असंच. येताना."

"तुझे हात थरथरत असतील. वय झालं." त्याची जीभ सैल सुटली होती, आणि तिला आता धरायला कुणी नव्हतं. "माझ्या हातचं काम आहे हे. मी जुळवलंय. तू मला सांगतोस थरथरतंय म्हणून? जन्मभर तुला इंजिनातलं ओ की ठो कळलं नाही, आणि आता माझ्या कामाला नाव ठेवतोस? काही झालेलं नाही तिला. तू मेलास तरी तिला काही होणार नाही!"

थोरल्याने मोटार बंद केली. तशी ती बंद झाल्याचं कळलंही नाही. फक्त मागे पाणी फिरायचं थांबलं.

"बरं," तो म्हणाला. "नसेल मग."

त्याने झाकणावरचा कप उचलला, धाकट्यापुढे धरला. धाकट्याने घेतला नाही. तेव्हा त्याने तो चहा खाडीत ओतला, कप टपरीच्या फळीवर ठेवला आणि चढण चढून गेला.

घरी येऊन धाकट्याने सगळं बायकोला सांगितलं. काठी, तळवा, चहाचा कप, आपण काय काय सुनावलं ते. तिखटमीठ लावून सांगितलं. ती ऐकत होती. सांगून झालं तेव्हा ती म्हणाली, "भाऊजी मोटारीसाठी आले नव्हते हो."

"मग?"

"तुम्हाला न्यायला आले होते. त्या माणसाला दुसरं काय बोलता येतं?"

 सोबत राहूनच बघायला लागेल. ते वाक्य त्याने दारातच ऐकलं होतं. आता ते पोहोचलं. जन्मात ज्याने कधी हनुवटीपलीकडे काही मागितलं नाही, तो माणूस घराला वळसा घालून आला होता आणि खोटं बोलला होता. आणि याने फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, हो रे दादा, थरथरतेय खरी.

तो उठून मधल्या भिंतीशी गेला. पलीकडे भांड्याचा आवाज झाला, कुणीतरी खाकरलं. थोरलाच. अगदी भिंतीला लागून बसला असावा. धाकट्याने मूठ उचलली. ती भिंत इकडून कधी कुणी वाजवली नव्हती. हाक थोरल्याने मारायची. मूठ तशीच हवेत राहिली, मग उघडली, मग खाली आली.

आठवड्याचा ठरलेला दिवस नव्हता तरी तो ओसरीत गेला, शिडाचा तुकडा बाजूला केला आणि इंजिन हाताने फिरवायला लागला. दट्ट्याने श्वास ओढला, सोडला. ओढला, सोडला. भिंतीपलीकडे हा आवाज जात होता हे त्याला ठाऊक होतं. सबंध खाडी ओलांडून जो जायचा, तो एक भिंत काय ओलांडणार नाही? तो फिरवत राहिला. पलीकडचं खाकरणं थांबलं. बराच वेळ तिकडे कुणीतरी ऐकत असल्यासारखी शांतता होती.

मग वहिनीचा आवाज आला, "जेवायला चला," आणि पाट सरकल्याचा आवाज.

पहाटे तो नेहमीच्या वेळी जागा झाला. पलीकडचं दार उघडलं. उतारावरून एका माणसाची पावलं गेली. त्यानंतर होडी सुटली असणार. ती कधी सुटली ते त्याला कळलं नाही.